शहर पाठीशी, दक्षिण समोर: मराठवाड्यात तारे पाहायला कुठं आणि कसं जावं

जागा ठरवताना आधी दक्षिण बघा. मराठवाडा साधारण साडेसतरा ते साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर पसरलेला आहे. इथून दक्षिणेचं जे आकाश दिसतं, ते उत्तर भारतातल्या हौशी मंडळींच्या नशिबी नाही. लडाखमधलं हानले हे देशातलं पहिलं डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा काळोख राखण्यासाठी जाहीर केलेला प्रदेश. तिथला काळोख मराठवाड्यात मिळणार नाही, हे खरं. पण हानलेवरून त्रिशंकू हा तारकासमूह वर येतच नाही आणि आपल्याकडे तो अख्खा दिसतो. अगस्त्य तारा इथं क्षितिजापासून १८ अंश वर चढतो. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ २३ अंशांवर येतो, मित्र (अल्फा सेंटॉरी) हा तारा १० अंशांवर. त्रिशंकूचा खालचा तारा ८ अंशांवर, तर वरचा १४ अंशांवर. आकाशगंगेचा गाभा, धनु-वृश्चिकाच्या मधला तो दाट पट्टा, ४२ अंशांपर्यंत येतो. हा सगळा ऐवज दक्षिणेला आणि बराचसा क्षितिजालगत आहे. म्हणून त्याच दिशेला एखादं शहर आलं, तर दोनशे किलोमीटर गाडी हाकूनही हाती काही लागत नाही.

नियम सोपा आहे: मोठं गाव उत्तरेला ठेवा आणि आपण त्याच्या दक्षिणेला जा. शहराच्या उजेडाचा जो घुमट आकाशात दिसतो, तो अंतराबरोबर झपाट्यानं घटतो. अंतर दुप्पट केलं की तो साधारण साडेपाच पटींनी कमी होतो. त्यामुळे २० किलोमीटरवरून ४० वर जाण्यात जेवढा फायदा आहे, तेवढा ८० वरून १०० वर जाण्यात नाही. जिल्ह्याच्या ठिकाणापासून ४०-५० किलोमीटर आणि तालुक्याच्या गावापासून १५ किलोमीटर एवढं अंतर पकडून चाला.

आता नकाशा उघडून बघू. संभाजीनगरकरांची गाडी आपोआप म्हैसमाळकडे वळते. उंची चांगली आहे, रस्ता चांगला आहे, पण शहराचा उजेड तिथून आग्नेयेला दिसतो. उत्तर, पश्चिम आणि डोक्यावरचं आकाश पाहायला म्हैसमाळ ठीक. अगस्त्य-त्रिशंकूसाठी मात्र पैठणच्या वरच्या बाजूला, नाथसागराच्या उत्तर काठावरचं एखादं शेत धरा. शहर आणि वाळूजची औद्योगिक वसाहत पाठीमागे राहते आणि समोर दक्षिणेला नुसतं पाणी. पाण्यावर ना खांब, ना ढाबे, ना झाडं. एवढं मोकळं दक्षिण क्षितिज मराठवाड्यात दुसरीकडे सहसा मिळत नाही. अडचण दवाची आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. दुसरी अडचण गाळाची. पाणी ओसरलेल्या पट्ट्यात वरून सुकलेली दिसणारी जमीन आतून लोण्यासारखी मऊ असते. गाडी पक्क्या काठावरच ठेवा.

नांदेडहून निघणाऱ्यांनी कंधार-मुखेडकडचे बालाघाटाचे माळ पाहावेत. नांदेड उत्तरेला राहतं आणि पुढे देगलूरपलीकडे तेलंगण-कर्नाटकातला ग्रामीण भाग लागतो. किनवट-माहूरचं जंगल काळोखाच्या बाबतीत उजवं आहे, पण साग डोक्याच्या वर जातो आणि क्षितिज उरत नाही. तिथं मोकळं पठार किंवा तलावाचा काठ मिळाला तरच जाण्यात अर्थ. लातूरकरांना खरोशाची बाजू सोयीची, लातूर तिथून उत्तरेला पडतं. बीडच्या लोकांसाठी पाटोद्याकडचं पठार चांगलं. मात्र सौताड्याच्या आसपास जामखेडचा उजेड नेमका दक्षिणेकडे येतो, म्हणून त्याच्या अलीकडे पूर्वेला सरकून जागा धरा. तुळजापूरहून दक्षिण-नैर्ऋत्येला सोलापूर दिसतं, तेव्हा धाराशिव जिल्ह्यातल्यांनी दक्षिणेच्या मोहिमेसाठी तो पट्टा टाळावा. बीड-धाराशिवच्या पठारांवर पवनचक्क्याही आहेत. त्यांचे लुकलुकणारे लाल दिवे डोळ्यांना फारसे जाचत नाहीत, फोटोत मात्र ठळक उमटतात.

कन्नडजवळच्या गौताळ्याचं नाव बरेच जण घेतात. अभयारण्य आहे, सूर्यास्तानंतर आत थांबता येत नाही. नायगावच्या मयूर अभयारण्याचंही तेच. वनखात्याच्या हद्दीबाहेरची मालकीची जमीन शोधा आणि मालकाला विचारूनच थांबा. गौताळ्याची आठवण वेगळ्याच कारणानं निघते. त्याच डोंगररांगेच्या पलीकडच्या उतारावर, पाटणादेवीच्या परिसरात, भास्कराचार्यांच्या नातवानं त्यांच्या सिद्धांतशिरोमणी या ग्रंथाच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. आकाशाचं गणित शिकवायची जागा ठरली ती याच डोंगराच्या कुशीत.

तिथी आणि महिना

दिनदर्शिका भिंतीवर असेल तर वेगळं ॲप लागत नाही. संकष्टीचा चंद्रोदय घराघरात ठाऊक असतो, रात्री नऊच्या मागेपुढे. तिथून पुढे चंद्र रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास येतो, म्हणजे संध्याकाळपासून बारापर्यंतचा वेळ मोकळा. अख्खी रात्र हवी असेल तर वद्य द्वादशी ते शुद्ध तृतीया एवढेच दिवस धरा. शुद्ध चतुर्थीला चंद्र नऊ-साडेनऊला मावळतो आणि त्यानंतर काळोख मिळतो. पहाटेची आकाशगंगा पाहायची असेल तर शुद्ध पक्षातली षष्ठी-सप्तमीही चालते. 'अमावास्येला रात्री बाहेर पडू नये' असं घरातली मोठी माणसं म्हणतील. त्यांना आधी नीट समजावून सांगा, हवं तर सोबत न्या.

सूर्य मावळल्यावर पूर्ण काळोख व्हायला इथं सव्वा तास लागतो. मेमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे सव्वाआठच्या आत खरं काम सुरू होत नाही.

जून ते सप्टेंबर विसरा. ऑक्टोबरात परतीचा पाऊस उघडला की हवा धुतलेली असते. अंधार पडताच आकाशगंगेचा गाभा नैर्ऋत्येला २५ अंशांच्या आसपास सापडतो. डिसेंबर-जानेवारीची रात्र लांब आणि कोरडी. मृग, रोहिणी, कृत्तिका डोक्यावर असतात. १३-१४ डिसेंबरचा मिथुन राशीतला उल्कावर्षाव रात्री दोनच्या सुमारास भरात येतो. ऑगस्टचा ययातीचा वर्षाव आपल्याकडे ढगात जातो, त्याची भरपाई या रात्री होते. थंडीची एक खोट आहे. धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते. त्यात गाळप हंगाम चालू असतो. साखर कारखान्याचे दिवे रात्रभर जळतात, ऊस तुटलेल्या रानात पाचट पेटवलं जातं. जागेच्या दक्षिणेला १५-२० किलोमीटरच्या आत कारखाना नाही ना, हे नकाशावर बघून घ्या.

फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊला अगस्त्य बरोबर दक्षिणेला येतो आणि त्याच्या वर व्याध झगझगत असतो. पण वर्षातली एकच मोहीम करायची असेल तर एप्रिलची अमावास्या निवडा. एप्रिलच्या मध्यात दक्षिणेला अक्षरशः रांग लागते. साडेनऊच्या सुमारास ईटा कॅरिनाचा तेजोमेघ ११ अंशांवर, सव्वाअकराला त्रिशंकू, सव्वाबाराला ओमेगा सेंटॉरी, दीड वाजता मित्र. तोवर आग्नेयेकडून वृश्चिक पूर्ण वर आलेला असतो आणि साडेचारच्या सुमारास आकाशगंगेचा गाभा दक्षिणेला उभा राहतो. पाच वाजायच्या आत तांबडं फुटू लागतं. वेळा दर पंधरवड्याला तासाभरानं अलीकडे येतात, म्हणून मेच्या मध्यात त्रिशंकू सव्वानऊलाच दक्षिणेला असतो. लहान मुलांना तो दाखवायला मे महिना बरा.

एप्रिल-मेची अडचण म्हणजे धूळ आणि अवकाळी. क्षितिजापासून आठ-दहा अंशांवरचा तारा पाहताना नजर जाड हवेतून जाते, त्यात धूळ असली की तारा तांबूस होऊन विझतो. उपाय निसर्गाच्याच हातात आहे: अवकाळी पाऊस पडून गेल्यावर जी रात्र निरभ्र होते, ती क्षितिजालगतच्या ताऱ्यांसाठी सगळ्यात चांगली. पण पाऊस येत असताना माळावर थांबणं म्हणजे विजेला बोलावणं. मराठवाड्यात दरवर्षी वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात. दामिनी ॲप मोबाइलमध्ये असू द्या. गडगडाट ऐकू आला की तिपाई तिथंच सोडा आणि गाडीत बसून काचा वर करा. झाडाखाली जाऊ नका.

दिवसा जाऊन जागा पाहणं

ही पायरी गाळली की बाकी सगळं वाया जाऊ शकतं. ज्या रात्री जायचं त्याच दिवशी दुपारी चारपर्यंत किंवा आदल्या आठवड्यात एकदा जागेवर उजेडी जा. होकायंत्रानं दक्षिण धरा. हात पूर्ण लांब करून मूठ आडवी धरली की ती साधारण १० अंश झाकते. मुठीची खालची कड क्षितिजाला टेकवा. त्रिशंकूचा खालचा तारा मुठीच्या वरच्या कडेच्याही आत येतो, म्हणजे मुठीएवढ्या उंचीत जे काही आडवं येतं ते सगळं आपल्या मुळावर. ३० मीटरवरची सहा मीटर उंच बाभूळ त्याला झाकायला पुरते. समोर विजेचा खांब असेल, एखाद्या शेतातल्या आखाड्यावर एलईडीचा दिवा असेल तर शंभर पावलं डावी-उजवीकडे सरकून बघा. बरेचदा मधला एखादा बांध किंवा गंजी तो दिवा झाकते. शेतमालकाला विनंती केली तर तो रात्रीपुरता दिवा बंदही करतो.

जमीन मुरमाड माळाची हवी. काळ्या रानात ऑक्टोबर-नोव्हेंबरात चाक रुततं आणि उन्हाळ्यात भेगांमध्ये तिपाईचा पाय जातो. मुरूम घट्ट असतो आणि ओल धरत नाही. ओलीत केलेला ऊस शंभर-दोनशे मीटरच्या आत असेल तर दव जास्त पडतं आणि उसात रानडुकरं असतात.

आता धोके, आणि इथं घाई करू नका. कठडा नसलेली विहीर हा पहिला. मराठवाड्यातल्या रानात अशा विहिरी गवतात झाकलेल्या असतात. शेततळ्याचं प्लॅस्टिक इतकं निसरडं की पोहणारा माणूसही आधाराशिवाय वर येऊ शकत नाही. उभ्या पिकाभोवती रानडुकरांसाठी तारेत करंट सोडलेला असू शकतो. 'कुठं विहीर आहे, कुठं तार आहे, रात्री मोटार चालू करायला कोण येतं' हे तीन प्रश्न मालकाला विचारा. मिळालेल्या उत्तराप्रमाणे आपण फिरायची हद्द ठरवा आणि चारी कोपऱ्यांना दगडावर पांढरं फडकं बांधा. लाल उजेडातही पांढरं फडकं दिसतं.

साप म्हणजे मुख्यतः घोणस, फुरसं, नाग आणि मण्यार. दगडगोट्यांच्या माळावर फुरसं असतं आणि ते मातीत मिसळून जातं. घोट्याच्या वर येणारे बूट घाला. चप्पल नको. बसायला खुर्ची न्या, सतरंजीच टाकायची तर ती रात्री उचलताना झटकून उचला. लघवीला जाताना पांढरी बॅटरी लावूनच जा. तिथं काळोखाला सरावलेल्या डोळ्यांची पर्वा करू नका. चावा झालाच तर कापणं, आवळून बांधणं, मंत्र हे काही नाही. अवयव हलू न देता १०८ ला फोन करा किंवा थेट ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालय गाठा. सर्वात जवळचं रुग्णालय कोणतं आणि तिथं सर्पदंशाची लस आहे का, हे दिवसाच विचारून ठेवलेलं बरं. मोबाइलला रेंज कुठल्या कोपऱ्यात येते तेही पाहून ठेवा.

गावाला सांगून जा

हे शिष्टाचारापुरतं नाही. अंधारात बॅटऱ्या घेऊन माळावर उभी असलेली अनोळखी माणसं दिसली की गावाला दोनच शंका येतात: चोर आणि गुप्तधन खोदणारे. जुनं देऊळ, लेणी किंवा गढीजवळ थांबलात तर दुसरी शंका पक्की होते. संध्याकाळीच पोलीस पाटलांना भेटा, सरपंचांना कळवा, गाडीचा नंबर आणि माणसांची संख्या सांगा, जवळच्या ठाण्यातही नोंद द्या. 'दुर्बीण आहे, चंद्र-तारे बघतो, तुम्ही पोराबाळांना घेऊन आठ वाजता या' एवढं म्हटलं की निम्मं काम होतं. पहिला तासभर गावासाठीच ठेवा. गुरू, शनी किंवा कोवळ्या चंद्राची कोर दाखवा. रात्री पाणी द्यायला उठणारा शेतकरी मग आपला राखणदार होतो. हिरवा लेझर गावाच्या दिशेला फिरवू नका, लोक ड्रोन समजून धावत येतात. विमानाकडे तर तो चुकूनही नको, वैमानिकाचे डोळे दिपतात.

जाता-येता रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांपासून जपा. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रभर चालतात. पहाटे चारला झोप अनावर असताना गाडी काढू नका. उजाडेपर्यंत झोपा, मग निघा.

सामान

पहिल्या मोहिमेला १० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री पुरते. गाभ्यातले तारकागुच्छ, देवयानी दीर्घिका, ओमेगा सेंटॉरी, ईटा कॅरिना हे सगळं तिच्यात येतं. हात थरथरतात म्हणून ती काठीच्या टोकाला टेकवून धरा किंवा खुर्चीच्या हातांवर कोपर ठेवा. दुर्बीण न्यायची तर सहा किंवा आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर फिरणारी आरशाची दुर्बीण. खेड्यातल्या खड्ड्यांनी तिचे आरसे हमखास हलतात, म्हणून नळी मागच्या सीटवर गादीत गुंडाळून आडवी ठेवा आणि उजेड असतानाच कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवण्याचं काम, उरका. रात्री ते करायला गेलात तर अर्धा तास जातो. उन्हात तापलेल्या गाडीतून काढलेला आरसा गार व्हायला ३०-४५ मिनिटं लागतात. तोवर प्रतिमा उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी हलते आणि लोक विनाकारण दुर्बिणीला दोष देतात.

दव पडू लागलं की आधी शोधक दुर्बीण आणि नेत्रभिंग धूसर होतात. पुसू नका, ओरखडे पडतात. भिंगाभोवती दवरोधक नळी लावा. ट्रेकिंगच्या फोमच्या चटईची पट्टी कापा. लांबी भिंगाच्या घेराहून दोन-तीन सेंटिमीटर जास्त आणि रुंदी भिंगाच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट. ती गोल गुंडाळून कडेला चिकटपट्टी लावली की काम झालं. वापरात नसलेली नेत्रभिंगं खिशात ठेवा, अंगाच्या उबेनं ती कोरडी राहतात. कॅमेऱ्याच्या भिंगाला पॉवर बँकेवर चालणारा उबदार पट्टा बांधा.

लाल उजेड स्वतः करता येतो. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाचे तीन-चार थर रबर बँडनं बांधा. तळहातावरच्या रेषा जेमतेम दिसाव्यात एवढाच उजेड ठेवा. डोळे काळोखाला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक पांढरा झोत ते सगळं पुसतो. ताऱ्यांचं ॲप वापरायचं तर त्यातलं रात्रीचं लाल दृश्य आधीच लावून घ्या. गाडीचा आतला दिवा बंद करा, दार उघडलं की तोच दगा देतो.

थंडीत परभणी-हिंगोलीकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. स्थिर उभं राहून आकाश पाहणाऱ्याला चालणाऱ्यापेक्षा जास्त थंडी वाजते. कानटोपी, दोन जोड मोजे, घोंगडी. खायला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, रात्रभर टिकतात आणि हात तेलकट करत नाहीत. माणशी तीन लिटर पाणी. उन्हाळ्यात माळावरच्या वस्तीवर पाणी मागायची वेळ आणू नका, तिथं टँकरची वाट पाहिली जात असते.

प्रत्यक्ष रात्री

डोळे सरावले की आकाशाची प्रत तपासा. हिवाळ्यात कृत्तिका मोजा: सहा दिसल्या तर बरं, आठ-नऊ दिसल्या तर उत्तम. उन्हाळ्यात सप्तर्षीतल्या वसिष्ठाजवळची अरुंधती सहज दिसली पाहिजे. शर्मिष्ठेच्या दक्षिणेला देवयानी दीर्घिकेचा धूसर डाग नुसत्या डोळ्यांनी दिसला, तर २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड डोळ्यात उतरतो आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी पश्चिमेला तिरपा, निमुळता, दुधी पट्टा दिसला तर तो शहराचा उजेड समजून जागा बदलू नका. तो राशिप्रकाश, सूर्याभोवतीच्या धुळीवरून परावर्तित झालेला. तो दिसणं म्हणजे जागा चांगली निवडल्याची पावती.

अंधुक वस्तू पाहताना तिच्यावर थेट नजर रोखू नका, जरा बाजूला बघा. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग मंद उजेडाला कमजोर असतो, कडेचा तरबेज. ओमेगा सेंटॉरी द्विनेत्रीत कापसाच्या बोंडासारखा गोल, मऊ दिसतो. आठ इंचीत ५० पटीवर बघा, नजर जरा तिरकी करा. बोंड फुटतं आणि कडेपासून आतपर्यंत बारीक तारे सुटे होऊ लागतात. पाच मिनिटं तरी डोळा हलवू नका, दर मिनिटाला नवे तारे उमटतात.

फोटोसाठी १४ ते २४ मिमी भिंग, छिद्र एफ २.८, आयएसओ ३२००, वेळ १५ ते २० सेकंद. तारे रेघोट्या होऊ नयेत म्हणून ५०० ला भिंगाच्या मिमीनं भागा, एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा असेल तर त्या उत्तराला परत दीडनं भागा. फोकस स्वयंचलित ठेवलात तर सगळी रात्र धूसर निघते. एखाद्या ठळक ताऱ्यावर पडदा दहापट मोठा करून तारा टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत कडं फिरवा आणि मग कडं चिकटपट्टीनं बांधून टाका.

पहाटे आवरताना दुर्बीण ओली असेल तर झाकणं लावून घरी आणा, म्हणजे वाटेत धूळ चिकटत नाही. घरी पोचल्यावर मात्र सगळी झाकणं काढा, नळी तोंड खाली करून आडोशाला ठेवा आणि दुपारपर्यंत तशीच वाळू द्या. ओलीच बंद करून ठेवली तर पुढच्या अमावास्येला आरशावर बुरशीचे ठिपके सापडतात.